मुलींची इनडोअर हॉकी: मैदानी खेळापेक्षा काय वेगळं आणि निवडीत काय बघतात? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नागपुरात हॉकी म्हटलं की व्हीएचएचं (विदर्भ हॉकी असोसिएशनचं) मैदान आठवतं, हॉल कुणाला आठवत नाही. मी स्वतः मैदानावरच वाढले आणि मुलींना शिकवायला लागले तेही मैदानावरच. गेल्या काही उन्हाळ्यांपासून मात्र आम्ही मुलींना छपराखालीही खेळवतो आहोत. तेव्हापासून पालकांचे, शाळेतल्या क्रीडाशिक्षकांचे आणि मुलींचेही तेच तेच प्रश्न येतात. प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहून ठेवते आहे.

इनडोअर हॉकी म्हणजे नेहमीचीच हॉकी, फक्त हॉलमध्ये?

नाही. स्टिक, बॉल, डी (गोलसमोरचा अर्धगोल भाग), गोल ही नावं तीच आहेत, पण खेळाचा स्वभाव वेगळा आहे. सगळ्यात मोठा फरक एका वाक्यात सांगायचा तर इथे हिट मारता येत नाही. स्टिक मागे नेऊन बॉलवर फटका मारला की फाउल. बॉल ढकलायचा, म्हणजे पुश करायचा. उचलायचा असेल तर फ्लिक किंवा स्कूप, आणि तोही फक्त डीच्या आतून गोलवर. बाकी सगळीकडे बॉल जमिनीलगतच राहिला पाहिजे.

पहिल्या दिवशी आमची एक मुलगी वैतागून म्हणाली होती, "ताई, इथं तर बॉल मारूच देत नाही जी!" तिची सगळी ताकद हिटमध्ये होती. दोन आठवडे ती हॉलमध्ये हरवल्यासारखी वावरली. तिसऱ्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं की बॉल लांब घालवता येत नसेल तर तो कुणाला आणि कधी द्यायचा याचा विचार करावा लागतो. तिथून ती खरी खेळायला लागली.

मैदान किती लहान असतं?

मैदानी हॉकीचं मैदान ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद असतं. इनडोअरचं साधारण ४० बाय २० मीटर. (नियमात लांबी ३६ ते ४४ आणि रुंदी १८ ते २२ मीटर चालते.) मैदानावर दोन्ही संघ मिळून २२ जणी असतात, हॉलमध्ये १२. भागाकार करून बघा: बाहेर एकीच्या वाट्याला सुमारे २२८ चौरस मीटर जागा येते, आत जेमतेम ६७. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. बॉल घेतला, मान वर केली, इकडेतिकडे बघितलं आणि मग पास दिला, एवढी सवड इथे नसते. बॉल येण्याआधीच बघून ठेवावं लागतं.

गोलही लहान असतो. बाहेर तो ३.६६ मीटर रुंद आणि २.१४ मीटर उंच, आत ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच. डी बाहेर १४.६३ मीटरची, आत ९ मीटरची. पेनल्टी स्ट्रोक (समोर फक्त गोलकीपर असताना एकटीनं घ्यायचा शॉट) बाहेर ६.४ मीटरवरून, आत ७ मीटरवरून.

हे आकडे वाचताना हँडबॉल खेळलेल्यांच्या डोक्यात काहीतरी चमकलं असेल. हँडबॉलचं कोर्टसुद्धा ४० बाय २० मीटरचंच असतं. त्याचा गोल ३ बाय २ मीटरचा, सात मीटरची पेनल्टी रेषा आणि नऊ मीटरची ती तुटक कमानदार रेषा. म्हणजे हँडबॉलचं कोर्ट आखलेला कोणताही हॉल इनडोअर हॉकीसाठी जवळजवळ तयारच असतो. तुटक रेषेवर रंगीत टेप चिकटवली की डी झाली. हे मला कळलं त्या दिवशी मी खरंच हॉलमध्ये टेप घेऊन गुडघ्यावर बसले होते आणि मोजून खात्री केली होती. "आपल्याकडे सोय नाही" असं मीच किती वर्षं म्हणत आले होते.

मग कमी काय पडतं?

साइड बोर्ड. इनडोअरमध्ये लांबीच्या दोन्ही बाजूंना रेषेऐवजी १० सेंटिमीटर उंच आणि तितक्याच जाड पट्ट्या असतात. त्यांचा आतला चेहरा किंचित आत झुकलेला असतो. बॉल त्यांना लागून परत खेळात येतो, म्हणून तो सहसा बाजूनं बाहेर जात नाही आणि खेळ थांबत नाही. चुकून वरून गेलाच तर तिथूनच जवळ पुश करून खेळ सुरू होतो.

तयार बोर्ड महाग पडतात. आम्ही लकडगंजातून चार इंची चौकोनी लाकूड कापून आणलं. दोन्ही बाजू मिळून ८० मीटर! सुताराला कळेना की या बाईला एवढ्या लाकडाचं करायचंय काय. वर रंधा मारून घेतला, खाली जुन्या सतरंजीच्या पट्ट्या चिकटवल्या, कारण हॉलच्या फरशीला ओरखडा पडला तर दुसऱ्या दिवशी दार बंद होतं. मागे वाळूच्या पिशव्या लावल्या. पहिल्यांदा पिशव्या लावल्या नव्हत्या, तेव्हा जोराच्या पुशनं लाकूड सरकायचं आणि बॉल भलत्याच कोनात उडायचा.

बोर्डाचा वापर हाच इनडोअरमधला मला सगळ्यात आवडणारा भाग. समोर प्रतिस्पर्धी उभी आहे, मधून वाट नाही, तर बॉल बोर्डावर तिरका सोडायचा. तो तिच्या मागे निघतो आणि तिथे आपली मैत्रीण पोचलेली असते. कॅरमवर रिबाउंड मारणाऱ्या पोरींना हा कोन लवकर समजतो.

हिट नाही, तर गोल कसे होतात?

मैदानापेक्षा जास्त होतात! डी जवळ, गोलकीपरला बघायला वेळ कमी आणि हल्ला परतवला की तीन-चार पासात बॉल दुसऱ्या टोकाला. बहुतेक गोल दुसऱ्या पोस्टजवळ बॉलला नुसती दिशा देऊन होतात. तिथे स्टिक जमिनीवर ठेवून थांबायची चिकाटी लागते.

टॅकल कसा करायचा? आमच्या मुलीला सारखा फाउल देतात.

ती बहुतेक मैदानावरची सवय घेऊन आली आहे. इनडोअरमध्ये आडवं पडून किंवा गुडघा, हात, कोपर जमिनीवर टेकवून बॉल खेळता येत नाही. स्टिक धरलेला हात तेवढा टेकलेला चालतो. गोलकीपरला आपल्या डीत ही सूट आहे, बाकी कुणाला नाही. मैदानावर ज्या मुली शेवटच्या क्षणी झेपावून बॉल काढतात, त्यांना हे फार जड जातं.

शिवाय मैदानावर आपण बॉलकडे स्टिक टोचतो, तसं इथे केलं की प्रतिस्पर्धी बाजूनं निघून जाते. इथे स्टिक जमिनीवर सपाट आडवी ठेवून भिंत उभी करायची. डावा हात जवळपास जमिनीला टेकलेला, गुडघे वाकलेले, छाती पुढे. पाय हलवत राहायचं आणि समोरचीला बोर्डाकडे ढकलत न्यायचं. अंगानं नव्हे, जागा बंद करून. बॉल काढून घ्यायची घाई करू नका. ती स्वतःच चुकीचा पास देईल. हे मुलींना पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण बाकावरून पाहणाऱ्याला असा बचाव म्हणजे काही न करणं वाटतं.

आणखी एक नियम लक्षात असू द्या. बचाव करणाऱ्या मुलीनं आपल्या अर्ध्या भागात कुठेही मुद्दाम फाउल केला की समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळतो, म्हणजे बॅकलाइनवरून (गोल ज्या रेषेवर असतो ती) बॉल आत ढकलून गोल करायची संधी. मैदानावर हे फक्त २३ मीटरच्या रेषेच्या आत होतं. फ्री पुशच्या (फाउलनंतर समोरच्या संघाला मिळणाऱ्या पुशच्या) वेळी दूर राहायचं अंतर मात्र इथे कमी: ५ ऐवजी ३ मीटर.

पेनल्टी कॉर्नर वेगळा असतो का?

बराच. बॉल गोलपोस्टपासून ६ मीटरवरून आत ढकलतात. मैदानावर हे अंतर १० मीटर असतं. गोलमध्ये एकटी गोलकीपर उभी असते, बाकीच्या बचावपटू गोलच्या बाहेर, बॅकलाइनच्या मागे. म्हणजे पोस्टवर उभं राहून बॉल अडवणारी मुलगी इथे नसते. मैदानावर पहिला हिट ४६ सेंटिमीटरच्या फळीच्या वर गेला तर गोल धरत नाहीत. इथे हिटच नसल्यानं तो प्रश्न येत नाही. म्हणून ज्या मुलीची फ्लिक चांगली, तिच्यावर पूर्ण सामन्याचा निकाल फिरतो.

सामना किती वेळाचा? किती खेळाडू?

आंतरराष्ट्रीय सामने १० मिनिटांच्या चार भागांत होतात, मैदानी सामने १५ मिनिटांच्या चार. संघात १२ जणी, एका वेळी आत सहा, गोलकीपर धरून. बदल्या कितीही वेळा करता येतात. कॉर्नर चालू असताना मात्र नाही. चाळीस मिनिटं ऐकायला थोडी वाटतात, पण एखादी मुलगी सलग पाच मिनिटं पूर्ण जोरात खेळली की तिचे पाय थरथरायला लागतात. दर दीड-दोन मिनिटांनी बदलणं हेच शहाणपण.

प्रातिनिधिक संघ म्हणजे नेमकं काय? इनडोअरसाठी वेगळी निवड होते का?

शाळेकडून किंवा क्लबकडून खेळणं वेगळं आणि जिल्हा, विद्यापीठ, राज्य किंवा देश यांचं नाव छातीवर घेऊन खेळणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला प्रातिनिधिक म्हणतात. त्यासाठी निवड चाचणी होते आणि अनेक क्लबांमधल्या मुली एका संघात येतात.

परदेशात इनडोअरची ही शिडी जुनी आहे. इनडोअर हॉकी जर्मनीत १९५०च्या दशकात रुजली, कारण हिवाळ्यात मैदानं बर्फाखाली जायची. आजही तिथले मैदानी क्लब हिवाळ्यात हॉलमध्ये लीग खेळतात. दक्षिण आफ्रिकेत प्रांतांचे मुलींचे संघ इनडोअरमध्ये एकमेकांशी भिडतात. आपल्याकडे निवडीची मोठी शिडी अजून मैदानी हॉकीचीच आहे. जिल्हा, राज्य, राष्ट्रीय आणि मग शिबिर, हा रस्ता मैदानावरून जातो. म्हणून मी पालकांना स्पष्ट सांगते: मुलीला इनडोअर खेळवा, पण मैदान सोडून नव्हे.

जगात कोण पुढे आहे?

महिला आणि पुरुषांचा पहिला इनडोअर वर्ल्ड कप २००३ साली जर्मनीत लाइपझिगला झाला. महिलांमध्ये जर्मनी आणि नेदरलँड्स यांनी दीर्घकाळ एकमेकींकडे तो फिरवत ठेवला. २०२३ साली ही स्पर्धा पहिल्यांदा युरोपबाहेर, दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला झाली आणि महिलांचं विजेतेपद नेदरलँड्सनं घेतलं. २०२५ साली क्रोएशियात पोरेचला पोलंडच्या मुली जिंकल्या. मैदानी हॉकीत ज्यांचं नाव आपण क्वचित ऐकतो असे देश इथे वर येतात. पुरुषांमध्ये ऑस्ट्रियानं २०१८ आणि २०२३, दोन्ही वेळा वर्ल्ड कप जिंकला. मोठी टर्फ मैदानं नसतानाही हॉलमधून पुढे जाता येतं, हे मी आमच्या मुलींना मुद्दाम सांगते.

टीव्हीवर दिसते ती पाच जणींची हॉकी म्हणजे हीच ना?

नाही, ती हॉकी फाइव्हज. हा गोंधळ फार होतो. ती पाच जणींची असते, जास्त करून उघड्यावर, टर्फवर खेळतात आणि गोल कुठूनही मारता येतो. इनडोअरमध्ये सहा जणी आणि गोल फक्त डीतून. हॉकी फाइव्हजमध्ये भारताच्या मुलींनी नाव काढलं आहे. २०१८च्या युवा ऑलिंपिकमध्ये रौप्य, २०२३ साली ओमानमध्ये आशिया कप आणि २०२४ साली मस्कतच्या पहिल्या वर्ल्ड कपमध्ये अंतिम फेरी गाठून नेदरलँड्सकडून हार. त्या संघात आपल्या सातारा जिल्ह्यातल्या अक्षता ढेकळे आणि ऋतुजा पिसाळ होत्या. लहान जागेतलं कौशल्य कुठे उपयोगी पडतं हे बघायचं असेल तर ते सामने जरूर बघा.

इनडोअर खेळल्यानं मैदानी खेळ बिघडतो का?

हा प्रश्न मला प्रशिक्षकांनीही विचारला आहे आणि भीती अगदीच खोटी नाही. वर्षभर फक्त हॉलमध्ये खेळलेल्या मुलीचा हिट कच्चा राहतो, लांबचा पास दिसत नाही, ७० मीटर परत धावायचा दम उरत नाही. पण एप्रिल-मे मध्ये सात-आठ आठवडे हॉलमध्ये आणि बाकी वर्ष मैदानावर, असं केलं तर मी फायदाच बघितला आहे. बॉल ट्रॅप करणं सुधारतं, कारण गुळगुळीत फरशीवर बॉल झपकन येतो आणि ढिली स्टिक तो लगेच सोडते. कंबर खाली जाते. डीत पोचल्यावर गोंधळ उडत नाही.

युरोपात बर्फामुळे हॉलमध्ये जातात, आपण उन्हामुळे जाऊ. नागपुरात पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा सकाळी आठनंतर टर्फवर पाय ठेववत नाही. कोरडं टर्फ तापलं की शूजमधून चटका बसतो. अशा दिवसांत एक तर पहाटे साडेपाचला यायचं, नाहीतर सुट्टी घ्यायची, एवढेच दोन मार्ग आम्हाला माहीत होते. किती मुलींचा खेळ त्या दोन महिन्यांच्या सुट्टीत सुटला आणि मग सुटलाच, ते मी बघितलं आहे. हॉलच्या मागे लागायचं माझं खरं कारण हेच.

निवड चाचणीत इनडोअरसाठी काय बघतात?

मी निवडीला बसते तेव्हा सगळ्यात आधी पहिला स्पर्श बघते. बॉल अंगापासून किती लांब उडतो? हातभर उडाला तर हॉलमध्ये तो गेलाच. मग पुश: पाय जुळवायला वेळ न घेता, दोन्ही बाजूंना, बॉल न उडवता. मग बॉल नसताना ती काय करते. पास दिला आणि उभी राहिली, की लगेच रिकाम्या जागेत गेली?

आवाजही बघते. हॉलमध्ये आवाज घुमतो, तरी "डावीकडे", "मागे", "वेळ आहे" एवढं ओरडणारी मुलगी संघाला सोन्यासारखी. आपल्या मुलींना लहानपणापासून हळू बोल म्हणून सांगितलेलं असतं, त्यामुळे हे शिकवावं लागतं. एक मुलगी तीन महिने तोंड उघडत नव्हती. आम्ही तिला पेनल्टी कॉर्नरला हाक द्यायचं काम दिलं. पहिल्या दिवशी तिची हाक शेजारच्या मुलीलाही ऐकू गेली नाही. आता तिचा आवाज पार्किंगपर्यंत जातो.

वेगात धावणारी पण सरळच धावणारी मुलगी इनडोअरमध्ये मागे पडते. चार पावलांत थांबून वळणारी पुढे जाते. उंची-वजन हा निकष नाही. हे पालकांनी मनातून काढून टाकावं.

सामान वेगळं लागतं का?

स्टिक पातळ आणि हलकी असते, कारण तिला फटक्याचा मार सोसायचा नसतो. सुरुवातीला मैदानी स्टिक चालेल, पण तिची कड घासून खरबरीत झाली असेल तर हॉलवाले आत घेणार नाहीत. बॉलचं वजन तेच, १५६ ते १६३ ग्रॅम, फक्त तो गुळगुळीत असतो. टर्फच्या बॉलवरच्या खळग्या त्याला नसतात. शूज बॅडमिंटनला लागतात तसे, फरशीवर डाग न पाडणारे.

आणि डाव्या हाताला ग्लोव्ह. यात कंजुषी करू नका. सुरुवातीच्या दिवसांत आमच्याकडे ग्लोव्ह पुरेसे नव्हते. डावा हात सारखा फरशीला घासतो. संध्याकाळी एका मुलीच्या बोटांच्या पेरांची सालं निघालेली होती आणि तिनं ती ओढणीत लपवली होती, आई खेळ बंद करेल म्हणून. त्यानंतर ग्लोव्ह नसेल तर स्टिक हातात द्यायची नाही, हा आमचा नियम झाला. नडगीला पॅड, तोंडात माउथगार्ड, कॉर्नरला बचाव करताना फेसमास्क हे तर आहेच.

दुखापती जास्त होतात का?

वेगळ्या होतात. बॉल उचलायचा नसल्यानं डोक्या-चेहऱ्याची भीती कमी. पण फरशी कडक, वळणं झटक्याची आणि शरीर सतत वाकलेलं, त्यामुळे गुडघे, मांडीचा मागचा भाग आणि कंबर यांच्यावर ताण येतो. आधी पंधरा मिनिटं नीट वॉर्म-अप आणि आठवड्यातून दोनदा मांड्या-कंबरेचे व्यायाम. गुडघा सुजला असेल तर "चालतंय" म्हणून खेळवू नका.

पाळीच्या दिवसांत खेळलं तर चालतं का?

चालतं. तिला बरं वाटत असेल तर खेळावं, दुखत असेल तर बसावं. ठरवायचं तिनं. हॉल घेताना स्वच्छ बाथरूम आणि पाणी आहे का, हे मात्र आपण मोठ्यांनी आधी जाऊन बघायचं.

नागपुरात खेळायचं कुठे?

मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात मोठा हॉल आहे, रविनगरला विद्यापीठाचा सुभेदार हॉल आहे. अशा ठिकाणी वेळ आणि परवानगी आधी घ्यावी लागते आणि बॅडमिंटनवाल्यांची गर्दी असते. मोठा हॉल मिळाला नाही म्हणून थांबू नका. शाळेचं बास्केटबॉल कोर्ट २८ बाय १५ मीटरचं असतं. तिथे चार-चार जणी खेळवा, कडेला बाक आडवे टाका. सामना होणार नाही, पण सराव उत्तम होतो.

दहावी-बारावीला गुण मिळतात का? नोकरीत उपयोग?

हॉकीला क्रीडा सवलतीचे गुण आहेत आणि महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पण प्रमाणपत्र कोणत्या स्पर्धेचं, कोणत्या संघटनेचं, कोणत्या स्तराचं यावर सगळं ठरतं. प्रवेश फी भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात त्या स्पर्धेचं नाव घेऊन विचारा. खेळल्यानंतर विचारू नका. प्रमाणपत्र हातात घेऊन रडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

माझी मुलगी गोलकीपर आहे. तिला काय बदलावं लागेल?

बरंच. बाहेर ती पुढे येऊन कोन कमी करते. इथे ती पुढे आली की बॉल बाजूच्या मुलीकडे जातो आणि गोल रिकामा. गोल फक्त ३ मीटरचा आहे, त्यामुळे पोस्टपाशी टिकून, पाय पसरून, खालचा बॉल अडवणं जास्त कामाचं. तिला सगळ्यात जास्त शॉट्स येतील, एका तासात बाहेरच्या आठवड्याभराइतके. गोलकीपरला इनडोअरइतका दुसरा चांगला सराव मी पाहिलेला नाही.

पहिल्या दिवशी काय आणायचं?

स्टिक, पॅड, ग्लोव्ह, पाण्याची बाटली, लहान टॉवेल आणि हॉलमध्येच घालायचे वेगळे शूज. रस्त्यावरून घालून आलेले शूज दारातच काढायचे. पायाला धूळ लागून आत आली की फरशी पावडर टाकल्यासारखी होते आणि पहिल्याच पुशला पाय सटकतो. आमच्याकडे दाराशी एक ओलं पोतं टाकलेलं असतं. येणारी प्रत्येकजण, मीसुद्धा, त्यावर पाय पुसूनच आत जाते.